पालवा बंदरावरील महाद्वार
[नभोवाणीवरून दिलेलें भाषण]

श्रोतेहो, एखाद्या देशाचें नांव घेतांच जशी त्याची नदी किंवा त्याचा पर्वत आठवतो, तशी त्याची एखादी वास्तूहि डोळ्यांपुढें उभी राहते. ईजिप्त म्हटलें कीं पिरॅमिड, फ्रान्स म्हटलें कीं आयफेलचा मनोरा. आपल्या देशांत हा मान अनेक वास्तूंमध्यें वांटला गेला आहे. तथापि समुद्रावरून येणाऱ्या माणसाच्या दृष्टीस जी पडते ती वास्तु म्हणजे मुंबईच्या बंदरावरील पिवळसर दगडाची ती भव्य कमान. 'गेट वे ऑफ इंडिया' ह्या इंग्रजी नांवानें ती सर्वत्र ओळखली जाते. आपण मराठींत तिला हिंदुस्थानचें महाद्वार म्हणूं. ह्या महाद्वाराचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत कसकसा पालटत गेला, तें आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रारंभींच एक कबुली देतों. मी पेशानें शाळामास्तर. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें शिक्षकाची सनद घेतली आणि सारी उमेद मुंबईच्या एका शाळेंत खडू आणि फळा ह्यांच्या संगतींत घालविली. आतां निवृत्त होऊन कांहीं वर्षें लोटलीं. दर हिंवाळ्यांत सातवीच्या मुलांची सहल मी ह्या महाद्वारापाशीं नेत असें. कमानीपुढें मुलांना ओळीनें उभें करावें, घसा साफ करावा आणि भारदस्त आवाजांत सांगावें, "मुलांनो, ह्याच दारांतून इंग्लंडचा बादशहा पंचम जॉर्ज हिंदुस्थानांत आला." हें मीं एक-दोन नव्हे, चांगलीं बारा-तेरा वर्षें सांगितलें. मला तसें कोणी शिकविलें होतें असें नाहीं. दार आहे, त्यावर राजाचें नांव आहे, तेव्हां राजा दारांतूनच आला असला पाहिजे, असा माझा सरळ हिशेब होता.

एका वर्षीं सहलींतली एक मुलगी मान उंच करून कमानीवरचा लेख वाचूं लागली. लेख इंग्रजींत आहे आणि त्यांतील सालाचा आंकडा रोमन पद्धतीनें कोरलेला आहे. रोमन आंकडे मीच त्यांना वर्गांत शिकविले होते. तिनें बोटांवर मोजून तो आंकडा सोडविला, वहींत टिपून घेतला आणि माझ्याजवळ येऊन विचारलें, "गुरुजी, वर लिहिलें आहे कीं राजा १९११ सालीं आला. आणि तुम्हींच तर वर्गांत सांगितलेंत कीं हें दार १९२४ सालीं बांधून पुरें झालें. मग राजा ह्या दारांतून कसा आला?"

श्रोतेहो, त्या मुलीला मीं उत्तर दिलें नाहीं. "चला, चला, उशीर होतो आहे," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. घरीं येऊन पुस्तकें चाळलीं तेव्हां माझी चूक मला कळली. पुढच्या वर्षापासून मी बरोबर माहिती सांगूं लागलों. परंतु त्या वर्गापुढें उभें राहून "माझें चुकलें" असें म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तीं मुलें तीच चूक घेऊन शाळेबाहेर पडलीं. आजचें माझें भाषण हें एका अर्थानें त्या मुलीच्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. हें महाद्वार ज्या जागीं उभें आहे ती जागा दारापेक्षां पुष्कळच जुनी. इंग्रज तिला अपोलो बंदर म्हणत. आपले जुने मुंबईकर पालवा बंदर म्हणत. ग्रीक देवाचा ह्या बंदराशीं कांहीं संबंध नाहीं. पालवा ह्या आपल्या नांवाचाच साहेबाच्या जिभेवर अपोलो झाला, असें म्हणतात. येथें प्रथम कोळ्यांचीं होडकीं लागत. पुढें मुंबई वाढली, धक्का बांधला गेला, आणि राज्यकर्त्यांचें उतरण्याचें स्थान म्हणून ह्या बंदराला महत्त्व आलें.

ता. २ डिसेंबर १९११ रोजीं पंचम जॉर्ज व राणी मेरी ह्याच बंदरावर उतरलीं. येथून तीं दिल्लीला गेलीं आणि १२ डिसेंबरला तेथें तो प्रसिद्ध दरबार भरला. राज्यावर असलेल्या इंग्लंडच्या बादशहानें हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या दिवशीं आजच्या महाद्वाराचा एक दगडहि तेथें नव्हता. बादशहाला पाहावयास मिळाली ती पुठ्ठ्याची एक प्रतिकृति. म्हणजे पाहुणा आला, गेला, आणि मागाहून त्याच्या आगमनाचें दार बांधावयाचें ठरलें!

ता. ३१ मार्च १९१३ रोजीं त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सिडनहॅम ह्यांच्या हस्तें कोनशिला बसविण्यांत आली. वास्तूचा आराखडा जॉर्ज विटेट ह्या शिल्पकारानें केला आणि तो १९१४ सालीं मंजूर झाला. हेच विटेट मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीचेहि कर्ते. त्या संग्रहालयाची कोनशिला १९०५ सालीं ह्याच जॉर्जनें, तो युवराज असतांना, बसविली होती. १९१४ सालींच महायुद्ध पेटलें. तरीहि समुद्र हटवून भराव घालणें आणि भिंत बांधणें हें काम पुढें अनेक वर्षें चालू राहिलें. पायाचें काम उरकावयास १९२० साल उजाडलें, आणि शेवटीं ४ डिसेंबर १९२४ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग ह्यांनीं महाद्वाराचें उद्घाटन केलें. बादशहाच्या आगमनानंतर तेरा वर्षें आणि दोन दिवसांनीं दार उघडलें. त्या मुलीच्या प्रश्नाचें सरळ उत्तर हें असें आहे : राजा ह्या दारांतून आलाच नाहीं.

वास्तु म्हणून तिची थोरवी मान्य केलीच पाहिजे. उंची ८५ फूट. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट. दगड पिवळसर काळवथरी, जवळपासच्या खाणींतला. त्याला सिमेंट-काँक्रीटची जोड. जाळ्या ग्वाल्हेरहून आणविल्या. घडण सोळाव्या शतकांतील गुजराथी शिल्पाची. अहमदाबादच्या मशिदींच्या कमानी व जाळ्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना ही ओळख लगेच पटेल. म्हणजे इंग्लंडच्या राजाचें स्मारक, इंग्रज शिल्पकाराचा आराखडा, आणि रूप मात्र गुजराथच्या सुलतानांच्या काळचें. राज्यकर्त्यांचा हेतु उघड होता. आपण ह्या भूमीवर उपरे नसून येथील जुन्या राजवंशांचे वारस आहों, हें त्यांना दगडांतून सांगावयाचें होतें. परंतु ज्या हातांनीं दगड घडविला ते हात आपल्या कारागिरांचे होते, आणि खर्च झालेले सुमारें एकवीस लक्ष रुपये मुख्यतः हिंदुस्थान सरकारच्या तिजोरींतले, अर्थात् इथल्या करदात्यांचे होते.

आणखी एक गंमत आपण प्रत्यक्ष जाऊन पाहावी. एवढें भव्य दार. परंतु त्याच्यासमोर सरळ येणारा रुंद राजमार्ग नाहीं. रस्ता येतो तो तिरकस, बाजूनें. मूळ बेत तसा नव्हता. परंतु पैसा संपला आणि दाराला साजेसा रस्ता शेवटपर्यंत झालाच नाहीं. साम्राज्याच्या वैभवाची साक्ष देण्यासाठीं उभारलेल्या वास्तूनें साम्राज्याच्या थैलीचा तळहि दाखविला, हें मला फार बोलकें वाटतें.

आतां ह्या दाराच्या इतिहासाची दुसरी बाजू पाहूं. दार बांधलें जात असतां ज्या घटना त्याच्या पायाशीं घडल्या त्या कोणत्याहि आराखड्यांत नव्हत्या. ता. ९ जानेवारी १९१५ रोजीं, भरावाचें काम चालू होऊं घातलें होतें त्याच सुमारास, दक्षिण आफ्रिकेंतील आपलें कार्य आटोपून एक गृहस्थ ह्याच बंदरावर उतरले. अंगावर काठेवाडी पोशाख, बरोबर पत्नी. तें मोहनदास गांधी व कस्तुरबा ह्यांचें आगमन होतें. बादशहानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, त्याच जागीं. लेख कोरला गेला तो राजाच्या नांवाचा; परंतु ज्या आगमनानें ह्या देशाचें भवितव्य पालटलें तें हें दुसरें. आजमितीस ९ जानेवारी हा दिवस सरकारी रीत्या प्रवासी भारतीय दिवस म्हणून पाळला जातो, तो ह्याच आगमनाची आठवण म्हणून.

पुढें १७ नोव्हेंबर १९२१ रोजीं पंचम जॉर्जचा पुत्र, इंग्लंडचा युवराज, येथें उतरला. दार तेव्हां अर्धवट होतें. राष्ट्रीय सभेनें स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. त्या दिवशीं मुंबईंत परदेशी कापडाची होळी झाली. पण त्याचबरोबर दंगे उसळले, स्वागतास गेलेल्या लोकांवर हल्ले झाले, रक्त सांडलें. गांधीजींना त्याचें अपार दुःख झालें आणि दंगा शमेपर्यंत त्यांनीं उपवास केला. स्वातंत्र्याच्या इतिहासांतील हें पान सुखाचें नाहीं, परंतु तें फाडून टाकण्याचा आपणांस अधिकार नाहीं. शिक्षकाला तर मुळींच नाहीं.

दार पुरें झाल्यावर कांहीं वर्षें त्यानें आपलें नेमलेलें काम केलें. नवे व्हाइसरॉय मुंबईस उतरत. १९२६ त आयर्विन, १९३१ त विलिंग्डन, १९३६ त लिनलिथगो. परंतु काळाचें चाक विमानाला लागलें होतें. शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन मार्च १९४७ मध्यें आले ते विमानानें थेट दिल्लीलाच. समुद्राकडचें दार राज्यकर्त्यांच्या उपयोगाचें राहिलें नाहीं.

तत्पूर्वीं, फेब्रुवारी १९४६ मध्यें, आरमारांतील हिंदी खलाशांनीं मुंबईंत उठाव केला. १८ तारखेस कुलाब्याच्या 'तलवार' ह्या ठाण्यावर त्याचा आरंभ झाला आणि पाहतां पाहतां बंदरांतील जहाजांवर तो पसरला. खलाशांची अन्नाची कोंडी झाली. तेव्हां मुंबईचे सामान्य लोक, हॉटेलवाले, फळवाले, गिरणगांवांतील माणसें, डबे आणि टोपल्या घेऊन ह्या महाद्वारापाशीं आलीं आणि तेथून होडक्यांनीं अन्न जहाजांवर गेलें. राजाच्या स्वागताच्या पायऱ्यांवरून बंडखोरांना भाकरी गेली. माझ्या मतें ह्या वास्तूच्या इतिहासांतील हा सर्वांत हृद्य प्रसंग होय. आणि त्याचा उल्लेख करणारा लेख मीं तरी त्या कमानीवर पाहिलेला नाहीं.

शेवटीं २८ फेब्रुवारी १९४८ हा दिवस आला. सॉमरसेट लाइट इन्फंट्री ह्या पलटणीची पहिली तुकडी, हिंदुस्थानांतील ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, आपलें निशाण घेऊन ह्याच कमानीखालून चालत गेली आणि पायऱ्या उतरून बोटींत बसली. हिंदी सैनिकांनीं तिला मानवंदना दिली, आणि आठवण म्हणून ह्याच महाद्वाराची रुप्याची एक छोटी प्रतिकृति भेट दिली. उद्घाटनाच्या दिवसापासून मोजलें तर सव्वातेवीस वर्षें होतात. राजाच्या आगमनासाठीं बांधलेल्या दारांतून राजाचें आगमन कधींच झालें नाहीं. झालें तें त्याच्या फौजेचें निर्गमन. आणि ज्यांना जावयाचें होतें त्यांना आपल्या लोकांनीं सन्मानानें पोंचविलें, शिव्याशाप देऊन नव्हे. ह्या गोष्टीचा मला आजहि अभिमान वाटतो.

असाच प्रकार पॅरिस शहरांतहि घडला आहे. नेपोलियननें आपल्या विजयी सैन्यासाठीं १८०६ सालीं एक प्रचंड कमान बांधावयास घेतली. १८१० सालीं त्याच्या दुसऱ्या विवाहाच्या वेळीं ती अर्धवटच होती, म्हणून लांकूड आणि कापड ह्यांची खोटी कमान उभारून वेळ निभावून नेली. कमान पुरी झाली १८३६ सालीं. त्या आधीं पंधरा वर्षें नेपोलियन कैदेंत मरण पावला होता. १८४० सालीं तिच्याखालून गेलें तें त्याचें शव. आणि पहिल्या महायुद्धानंतर तिच्या पायथ्याशीं एका अज्ञात सैनिकाची समाधि बांधली गेली. आज फ्रेंच माणूस तेथें टोपी काढतो ती सम्राटासाठीं नव्हे, त्या निनांवी शिपायासाठीं. दगड उभा करणें राजाच्या हातीं असतें. त्या दगडाला काय म्हणावें हें मात्र पुढें येणारे लोक ठरवितात.

आमच्या दिल्लींतहि तेंच. मुलें दिल्लीचें इंडिया गेट आणि मुंबईचें महाद्वार ह्यांत नेहमीं घोटाळा करतात, म्हणून सांगतों. दिल्लीची कमान हें पहिल्या महायुद्धांत व त्यानंतरच्या सरहद्दीवरील लढायांत पडलेल्या हिंदी सैन्यांतील वीरांचें स्मारक आहे. तिचें उद्घाटन १९३१ सालीं झालें. तिच्यासमोरच्या छत्रीखालीं पंचम जॉर्जचाच पुतळा होता. तो १९६८ सालीं तेथून हलविला. छत्री कित्येक वर्षें रिकामी राहिली, आणि २०२२ सालीं तेथें सुभाषचंद्र बोस ह्यांचा पुतळा बसला. मुंबईंत हा पालट लवकर झाला. महाद्वारासमोर राजा जॉर्जचा पुतळा होता. त्याच्या जागीं २६ जानेवारी १९६१ रोजीं छत्रपति शिवाजीमहाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण झालें. जवळच स्वामी विवेकानंदांचाहि पुतळा आहे. ते १८९३ सालीं मुंबईहूनच सर्वधर्मपरिषदेसाठीं निघाले होते.

येथें एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो टाळणें योग्य नव्हे. कांहीं विचारवंत गृहस्थ म्हणतात कीं, हीं दास्याचीं चिन्हें जपावयाचीं कशाला? पुतळे हलविले, रस्त्यांचीं नांवें बदललीं. मग राजाच्या नांवाचा लेख तरी कमानीवर कां ठेवावा? ह्या म्हणण्यांतील स्वाभिमान मला पटतो. ज्या पुतळ्यापुढें मान लववावी अशीच त्याची मांडणी असते तो पुतळा चौकांतून हलवून संग्रहालयांत ठेवला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु लेख खरवडण्याच्या मी विरुद्ध आहें, आणि त्याचें कारण राजनिष्ठा नव्हे. तो लेख होता म्हणूनच माझ्या वर्गांतील त्या मुलीनें मास्तरांची चूक पकडली. लेख पुसला असता तर माझी थाप कायम राहिली असती! साम्राज्याची बढाई दगडांत कोरून ठेवलेली आहे आणि तिच्या शेजारींच खरीं सालें उभीं आहेत. ज्याला वाचतां येतें त्याला त्या दोहोंतील अंतर आपोआप कळतें. पुरावा शत्रूच्या हातचा असला तरी तो पुरावाच.

शिवाय लोकांची स्मरणशक्ति आपण समजतों त्याहून शहाणी असते. मुंबईच्या काळा घोडा ह्या जागेचें उदाहरण घ्या. तेथें सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. लोकांनीं त्या जागेला एडवर्डचें नांव दिलें नाहीं, घोड्याचें दिलें. १९६५ सालीं पुतळा राणीच्या बागेंत गेला, तरी जागा काळा घोडाच राहिली. पुढें २०१७ सालीं तेथें पुन्हां एक घोडा उभारला गेला, आणि त्याच्या पाठीवर स्वार नाहीं. राजा गळून पडला, घोडा राहिला. कोणाच्या हुकुमानें नव्हे. रोज त्या बाजूनें जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांच्या बोलण्यानें.

आतां थोडें घरचें सांगतों. माझे वडील अलिबाग तालुक्यांतले. तरुणपणीं गिरणींत काम शोधण्यासाठीं ते रेवसच्या लाँचनें मुंबईस आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. जन्मभर मुंबईंत राहूनहि ते महाद्वाराकडे कधीं फिरकले नाहींत. लहानपणीं मीं हट्ट धरला कीं म्हणत, "अरे, तें दार लाटसाहेबाचें. आपण भाऊच्या धक्क्याचीं माणसें." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, जी वस्तुस्थिति त्यांना दिसली ती ते सांगत होते. मुंबई उभारली ती भाऊच्या धक्क्यावर आणि बोरीबंदरावर वळकटी घेऊन उतरलेल्या माणसांनीं. त्यांच्या आगमनाची कमान कोणी बांधली नाहीं.

निवृत्त झाल्यावर वडील गांवीं राहात. उतारवयांत त्यांच्या डोळ्यांवर उपचार करावयाचे होते म्हणून मीं त्यांना मांडव्याच्या लाँचनें मुंबईस आणलें. ही लाँच महाद्वारापाशींच लागते. त्यांचा हात धरून मीं त्यांना पायऱ्या चढविल्या. वर आल्यावर ते थबकले. डोळ्यांवर हाताची आड धरून बराच वेळ कमानीकडे पाहात राहिले आणि मग म्हणाले, "येथें तिकीट पडतें का रे?" मीं म्हटलें, "नाहीं, बाबा." "मग बसूं या थोडा वेळ." आम्ही दोघे कठड्यापाशीं बसलों. भोंवतीं फुगेवाले, छायाचित्रें काढणारे, कुठल्या कुठल्या प्रांतांतून आलेलीं कुटुंबें, पायांत धांवणारीं मुलें, कबुतरें. वडिलांनीं कनवटीची चंची काढली, पान जुळविलें, आणि मला म्हणाले, "चांगला वारा आहे." एवढेंच. त्या दिवशीं तें दार लाटसाहेबाचें राहिलें नाहीं असें मला वाटलें. त्याचा अर्थ पालटल्याची ह्याहून मोठी साक्ष माझ्यापाशीं नाहीं.

ह्या जागेनें अलीकडच्या काळांत दुःखहि पाहिलें आहे. ता. २५ ऑगस्ट २००३ रोजीं येथें उभ्या केलेल्या एका मोटारींत बाँब फुटला आणि निरपराध माणसें मेलीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं समोरच्या ताजमहाल हॉटेलवर हल्ला झाला आणि तीन दिवस तो भाग धुमसत राहिला. परंतु त्यानंतर एका आठवड्यानें, ३ डिसेंबरला, हजारों मुंबईकर ह्याच महाद्वारापाशीं जमले. त्यांत सर्व धर्मांचे, सर्व थरांतले लोक होते. कोणी मेणबत्ती घेऊन आला, कोणी नुसताच उभा राहिला. दुःख झालें म्हणजे माणूस आपल्या घराच्या दाराशीं येऊन बसतो. त्या संध्याकाळीं मुंबईनें आपलें दार कोणतें तें ओळखलें.

तरी ह्या दाराचा अर्थ अद्याप पूर्ण झालेला नाहीं. महाद्वारापाशीं उभें राहून समुद्राकडे पाहिलें कीं घारापुरीचें बेट दिसतें. तेथील लेण्यांतली त्रिमूर्ति पाहावयास शेकडों लोक येथूनच लाँचनें जातात. सुमारें तासाभराचा तो प्रवास. १९८७ सालीं ह्या लेण्यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. परंतु त्या बेटावरील गांवांना वीज केव्हां मिळाली, ठाऊक आहे? २०१८ च्या फेब्रुवारींत, समुद्राच्या तळाशीं तार टाकून. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षें बेटावरचे लोक रात्रीं मुंबईचा झगमगाट दुरून पाहात होते, आणि त्यांच्या स्वतःच्या गांवांत जनित्र चाले तेवढाच वेळ उजेड असे. दार कितीहि सुंदर असलें तरी तें कोणासाठीं उघडें आहे आणि कोण अजून बाहेर उभा आहे, हा प्रश्न प्रत्येक पिढीनें पुन्हां विचारावयाचा असतो.

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. ह्या रविवारीं किंवा पुढच्या सुटींत आपण मुलाबाळांना घेऊन पालवा बंदरावर गेलांत तर एवढें करा. आधीं त्यांना कमानीवरचा लेख वाचूं द्या. रोमन आंकडा त्यांचा त्यांना सोडवूं द्या. मग १९११ आणि १९२४ हीं दोन सालें त्यांच्यापुढें ठेवा आणि हिशेब कसा जुळतो तें त्यांनाच विचारा. तो जुळत नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें म्हणजे त्यांना १९१५ सांगा, १९२१ सांगा, १९४६ सांगा आणि १९४८ सांगा. आणि आपणांस एखादें साल ठाऊक नसलें, किंवा सांगतांना आपली चूक झाली, तर ती मुलांपुढें त्याच दिवशीं कबूल करा. माझ्यासारखी वीस वर्षें लावूं नका.

माझ्या वर्गांतील ती मुलगी आतां स्वतः संसारी झाली असेल. ती हें भाषण ऐकत असेल तर तिला माझें सांगणें आहे : बाळ, तुझा हिशेब बरोबर होता. राजा त्या दारांतून आला नाहीं. चूक तुझ्या गुरुजींची होती.